गाव हलवण्याची यादी फुटली तर तहसीलने काय करावं
पुराच्या वेळी वैनगंगेकाठच्या गावांची स्थलांतर यादी व्हॉट्सॲपवर फिरू लागली की लगेच 'अफवा आहे' म्हणू नका. संध्याकाळी लोकांना हलवायला दारात ट्रॅक्टर उभे राहिले की तुमचं पुढचं काहीच कोणी ऐकत नाही. आधी फुटलेला कागद मूळ यादीशी ताडून पाहा. जुनीच यादी असते पुष्कळदा. खरा निघाला तर तासाभरात तहसीलदारांच्या सहीनं कबूल करा: तयारी आहे, आदेश नाही. गोसीखुर्द धरणाच्या 33 पैकी किती दारं उघडली, तेही लिहा. मग कोतवालाकरवी दवंडी. ढोरं सोडून कोणी निघत नाही, म्हणून चाऱ्याची जागा आधी सांगा. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005चं कलम 54 खोट्या इशाऱ्यासाठी आहे, खरी यादी छापणाऱ्या वार्ताहरासाठी नाही. कागद कोणी फोडला ते पूर ओसरल्यावर शोधा.