डॅफोडिलचे जुने कंद: उकरावेत की राहू द्यावेत?

डॅफोडिलचं जुनं बेट दर वसंतात भरघोस फुलत असेल, तर त्याला हात लावू नका. अमुक वर्षांनी कंद काढलेच पाहिजेत असा काही नियम नाही. पात दाट आणि फुलं मात्र मोजकीच, असं झालं की कारण शोधायचं.

जमिनीत कंदांची गर्दी हे एकमेव कारण नसतं. फुलं सरल्यावर लगेच पात कापली होती का? किंवा नीटनेटकं दिसावं म्हणून तिची गाठ मारली होती? पुढच्या वर्षीची कळी कंदात घडते ती याच पातीच्या जोरावर, म्हणून फुलांनंतर किमान सहा आठवडे ती तशीच राहू द्यावी. त्या काळात जमीन कोरडी पडली, किंवा शेजारचं झाड वाढून सावली आली, तरी फुलं आटतात. मग नुसतं कंद वेगळे करून उपयोग नाही.

गर्दीच झाली असेल, तर पात पिवळी पडून लोळली की कंद काढा. ती पार नाहीशी झाली, तर कंद नेमके कुठे आहेत ते कळत नाही आणि अवजाराने चिरले जातात. बेटापासून वीतभर लांब गार्डन फोर्क (दातेरी फावडं) खोल रोवा आणि अख्खा गड्डा उचला. हातमोजे हवेतच, चिकाने कातडीला खाज सुटते. माती झटकून, हलक्या हाताने सुटतील तेवढीच पिल्लं (मोठ्या कंदाला चिकटून वाढलेले छोटे कंद) सोडवा. प्रत्येकाला बुडाची चकती हवी, कारण मुळं तिथूनच फुटतात. घट्ट चिकटलेलं पिल्लू ओढून तोडलंत, तर जखमेतून कूज शिरते. दाबल्यावर मऊ लागणारा किंवा आत अळी असलेला कंद टाकून द्या, कंपोस्टमध्येही नको.

चांगले कंद लगेच लावा, नाहीतर जाळीच्या पिशवीत, सावलीत, हवेशीर टांगून शरद ऋतूत लावा. स्वयंपाकघरात चुकूनही ठेवू नका: दिसतात कांद्यासारखे, पण विषारी असतात. 5 सेंमी उंचीचा कंद 15 सेंमी खोल, आणि दोन कंदांत कंदाच्या दुप्पट रुंदीचं अंतर. बारीक पिल्लं वेगळ्या वाफ्यात लावा. त्यांना फुलायला 2-3 वर्षं लागतात.

स्नोड्रॉप या दुसऱ्या कंदफुलाचं तंत्र वेगळं. त्याचे इवलेसे कंद लवकर सुकतात, म्हणून फूल सरल्यावर हिरव्या पातीसकट काढून त्याच दिवशी लावावेत. संकरित ट्यूलिपचा कंद मात्र फुटून बहुधा बारीक, न फुलणारे कंदच हाती येतात. तिथे सरळ नवे कंद आणावेत.