मोठा कॅम्पर आणि मोबाईलचा नकाशा: बेळगाव सीमाभागात या चुका टाळा

गेल्या सप्टेंबरात जांबोटीहून खानापूरकडे येताना नकाशाने नऊ मिनिटे वाचवणारा रस्ता सुचवला आणि मी वळलो. दोन किलोमीटर चांगले डांबर होते, मग खडी लागली, मग दोन्ही बाजूंना बांध असलेली पाणंद. तांबड्या मातीत पुढचे चाक बसायला लागले तेव्हा गाडी थांबवली. शेतातून एक काका आले. म्हणाले, "अहो, काल हितं ट्रॅक्टर रुतला होता. एवढी मोठी गाडी कशाला घातलासा?" मेहुणा बॅटरी घेऊन मागे उभा राहिला आणि मी आठशे मीटर गाडी उलटी आणली. त्याला पाऊण तास लागला.

माझी गाडी म्हणजे मिनीबसच्या सांगाड्यावर बांधून घेतलेला कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेले फिरते घर. लांबी साडेसात मीटर, आरसे सोडून रुंदी 2.2 मीटर, छतावरचा एसी धरून उंची 3.1 मीटर. अशा गाड्या घेऊन गोव्याला, कोकणात, सौंदत्तीला जाणारी कुटुंबे आता आपल्या भागातही दिसतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली चूक: कारचा रस्ता आपला समजणे

गूगल मॅप्समध्ये कार, दुचाकी, बस-रेल्वे, पायी असे पर्याय आहेत. गाडीची लांबी, रुंदी, उंची, वजन भरायला जागा नाही. 2024 मध्ये चारचाकींना अरुंद रस्ते टाळून देण्याची सोय भारतातल्या आठ शहरांपासून सुरू झाली, त्यात बेळगाव नव्हते. म्हणजे आपला कॅम्पर त्या नकाशाच्या लेखी एक छोटी कारच असतो.

याचा हिशेब ऊसतोडीच्या दिवसांत नीट कळतो. एकेरी डांबरी रस्ता प्रमाणाप्रमाणे 3.75 मीटरचा. माझी गाडी 2.2 मीटर, समोरून येणारी उसाची ट्रॉली दोन मीटरच्या वरच. कुणाला तरी साइडपट्टीवर उतरावे लागते. निपाणी-चिकोडीकडे ही साइडपट्टी काळ्या मातीची असते आणि ओली असली की चाक गिळते. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतील तर तो मागे येऊ शकत नाही, हे धरूनच चाला. मागे आपल्यालाच यावे लागते. त्यातून रात्रीच्या वेळी कित्येक ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो. संकेश्वर, निपाणी, चिकोडीच्या कारखान्यांच्या आसपास हंगामात अंधार पडल्यावर मी आतले रस्ते घेतच नाही.

"टोल टाळा" हा पर्यायही बंद ठेवा. कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी इथले पैसे वाचवायला नकाशा तुम्हाला गावागावांतून फिरवतो.

दुसरी चूक: उंची अंदाजाने धरणे

गाडीच्या कागदावरची उंची मूळ गाडीची असते. वर एसी, सोलर पॅनेल, पाण्याची टाकी बसवली की ती बदलते. टाकी रिकामी आणि टायरमध्ये हवा पूर्ण, अशा वेळी गाडी सर्वांत उंच असते. तेव्हाच टेपने मोजा आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. गार्मिनची कॅम्परसाठीची रस्ता दाखवणारी यंत्रे, सायजिक किंवा ऑस्मअँड ही मोबाईलवरची नकाशा-अ‍ॅप यांत गाडीची मापे भरता येतात. ती जरूर भरा. पण एखाद्या पुलाखालची उंची कुणी नकाशात नोंदवलेलीच नसेल, तर यंत्र तरी काय टाळणार?

मिरज-लोंढा लोहमार्गाखालून जाणारे कमी उंचीचे सबवे आणि महामार्गाखालची माणसा-जनावरांसाठी सोडलेली भुयारे, या दोन ठिकाणी विशेष सांभाळा. आत शिरण्याआधी आडवा लोखंडी रूळ आणि उंचीचा फलक शोधा. फलक दिसला नाही तर उतरून बघा. सबवेत पाणी साठले असेल तर आतला खड्डा दिसत नाही, त्यामुळे तिथून परत फिरणेच बरे.

तिसरी चूक: गावाचे नाव टाइप करून निघणे

खानापूर बेळगाव जिल्ह्यात आहे आणि सांगली जिल्ह्यातही. कुडची रायबाग तालुक्यात आहे, तशी बेळगाव शहराला लागूनही. हिरेबागेवाडी आणि विजयपूरकडची बसवन बागेवाडी यांत तर पाहुण्यांचा हमखास घोटाळा होतो. त्यात फलक कन्नडमध्ये, आपण टाइप करतो मराठीत किंवा इंग्रजीत. मुक्कामाच्या यजमानाकडून व्हॉट्सअॅपवर लोकेशन मागवा आणि निघण्यापूर्वी एकूण अंतर ताडून पाहा.

चौथी चूक, आणि सर्वांत धोक्याची: पावसाळ्यात नकाशातल्या निळ्या रेषेवर विश्वास

दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा यांच्यावरचे बंधारे-पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड ही नावे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत. नकाशा मात्र पाणी चढल्यावरही तिथून रस्ता दाखवू शकतो. वाहतुकीची माहिती त्याला मुख्यतः चालत्या गाड्यांतल्या मोबाईलवरून मिळते. ज्या रस्त्यावर कुणीच जात नाही, तो रस्ता बंद आहे की नुसता रिकामा, हे त्याला आपोआप कळत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. चिकोडीत ऊन पडलेले असते, पण घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो आणि काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढवलेला असतो. ते पाणी दूधगंगेने खाली येते. डोक्यावरचे आभाळ बघून बंधाऱ्यावर गाडी घालू नका.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये तर निपाणी-कोल्हापूरदरम्यान राष्ट्रीय महामार्ग 48 पुराने बंद पडला होता. अशा वेळी आडवाटेने सुटका शोधू नका, कारण आडवाटेलाही तीच नदी आडवी येते. संकेश्वर किंवा बेळगावात मोकळी जागा बघून मुक्काम करा. फिरते घर बरोबर असण्याचा खरा फायदा अशाच दिवशी होतो.

पाचवी चूक: सगळे घाट सारखे मानणे

नकाशा अंतर आणि मिनिटे सांगतो, चढाची तीव्रता सांगत नाही. चंदगडकडून दोडामार्गाला उतरणारा तिलारीचा घाट फार उभा आहे. वळणे आवळ आहेत आणि तिथे अवजड वाहनांना बंदी घातली जाते. कॅम्पर कायद्याने अवजड ठरो वा न ठरो, मी तिथे नेत नाही आणि तुम्हीही नेऊ नये असे मनापासून वाटते. आंबोली घाटातून मोठ्या बस जातात, पण पावसाळ्यात दाट धुके आणि दरडी यांचा विचार करूनच निघा. चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबीच्या पुढे जंगल आहे आणि मोबाईलची रेंज जाते. त्याच वाटेवर कुसमळीला मलप्रभेवरच्या जुन्या पुलावरून अवजड वाहतूक बंद करावी लागली होती. लोंढा-अनमोडचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग असला तरी आदल्या दिवशी चौकशी कराच. बंदीचे आदेश जिल्हा प्रशासन काढते. ते आधी स्थानिक पेपरात येतात, नकाशात उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

उतरताना जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ब्रेक तापतात, ऑइल उकळते आणि पेडल मऊ लागते. पेडल मऊ लागले की रुंद जागा बघून थांबा, चाकामागे दगड लावा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. गरम ड्रमवर पाणी ओतू नका.

ऑफलाइन नकाशा घरीच उतरवून घ्या. जागा उपग्रहावरून कळते, त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा आणि वाहतुकीच्या माहितीला.

शहरात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक किंवा गणेश विसर्जन असेल त्या दिवशी बेळगावच्या गल्ल्यांत कॅम्पर आणूच नका. तो बाहेरच उभा करून रिक्षाने या.

रस्ता चुकलाच तर

आधी नकाशाचा आवाज बंद करा. तो लगेच पुढचा "पर्याय" सुचवतो, आणि तो पहिल्यापेक्षा अरुंद निघू शकतो. चारही इंडिकेटर लावा, एकाला खाली उतरवा, पुढे शंभर-दोनशे मीटर चालत पाठवा. मागे घ्यायची वेळ आली तर मागचा माणूस तुम्हाला आरशात सतत दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की त्याच क्षणी ब्रेक दाबा. वळवताना मागचा लांब भाग चाकाच्या बाहेरून फिरतो आणि बांध, विजेचा खांब, घराची वळचण यांना लागतो. तिकडे लक्ष ठेवायला जमले तर दुसरा माणूस उभा करा.

वाटेत कुणी भेटले तर "हा रस्ता खानापूरला जातो का?" असे विचारू नका. उत्तर "व्हय, जातोय की" असेच येणार, कारण सायकलने आणि मोटारसायकलने तो जातोच. "इथून बस जाते का?" असे विचारा. कन्नड बोलणाऱ्या गावात "इल्ली बस होगतैतेन्री?" एवढे पुरते. बस जात असेल तर पुढचा प्रश्न, "पावसाळ्यातपण जाते?" त्या काकांना मी हे दोन प्रश्न उशिरा विचारले. बस तिकडून कधीच गेली नव्हती. ती थांबायची ते झाड दीड किलोमीटर मागे, डांबर संपते तिथेच होते.