लाखेच्या तबकडीला कोणती सुई लावावी?

पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी माझ्याकडे दोन वर्षं नुसती पडून होती. लावली की आधी भजी तळल्यासारखा चरचराट, आणि त्याच्या मागे कुठेतरी लांब हिराबाईंचा आवाज. तबकडी घासून गेली आहे, असंच मी धरून चाललो होतो. मग एका संध्याकाळी योग्य सुई लावली. चरचराट मागे सरला, आवाज समोर येऊन बसला आणि तानेतला एकेक स्वर सुटा ऐकू आला. तबकडी पुष्कळशी शाबूत होती. मी ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या जुन्या लाखेच्या तबकडीच्या खाचेत एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकडीची सुई घालत होतो, एवढंच.

घरात आजोबांच्या वेळच्या तबकड्या असतील, तर त्या गेल्या असं ठरवण्याआधी सुई तपासा.

आधी मापाचा हिशेब. सुईच्या टोकाचं माप 'मिल'मध्ये सांगतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन, आणि हे माप त्रिज्येचं असतं. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची असते. ७८ला लागते ३ मिलच्या आसपासची, म्हणजे चौपट जाड. कारण ७८ची खाच सुमारे दीडशे मायक्रॉन रुंद असते आणि एलपीची त्याच्या निम्मीही नसते. सुईनं खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकून मधल्या उंचीवर चालायचं असतं. बारीक सुई सरळ तळाला जाते. तिथे साठ-सत्तर वर्षांची धूळ आणि जुन्या ग्रामोफोनच्या झिजलेल्या पिनांचा चुरा बसलेला असतो. शिवाय भिंतींचा आधार नसल्यामुळे ती खाचेत डचमळते. फार जाड सुई उलट खाचेच्या काठावर तरंगते आणि मोठ्या आवाजाला फाटते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लाखेच्या मिश्रणात दगडाची बारीक पूड असायची, म्हणून ती तबकडी पोलादी पिनेलाही झिजवायची. चावीच्या ग्रामोफोनवर प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची शिस्त होती ती यासाठी. ज्या घरी ती पाळली गेली नाही, तिथे बोथट पिन आणि जड साउंडबॉक्स (पिन धरून तिच्या थरथरीचा आवाज करणारी डबी) यांनी भिंती खरवडल्या. पण ही झीज बहुतेक वेळा भिंतीच्या एका विशिष्ट उंचीवर असते. त्याच्या जरा वर किंवा जरा खाली कोणीही न शिवलेला पट्टा उरलेला असू शकतो. सुईचं माप बदललं की ती त्या पट्ट्यावर चालते. म्हणून '७८ची सुई' असं एकच उत्तर नाही. शोधायचा असतो तो त्या तबकडीचा न झिजलेला भाग.

सुरुवात ३ मिलच्या गोल टोकाच्या सुईनं करा. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिकेतली कार्ट्रिज (सुई जिला बसते ती छोटी डबी) तुमच्या टर्नटेबलला असेल तर तिच्याच अंगावर एसपी नावाची ३ मिलची सुई बसते. जुनी सुई पुढे ओढून काढायची, नवी सरकवायची. ऑर्टोफोनची २एम ७८ ही ६५ मायक्रॉनची, म्हणजे अडीच मिलपेक्षा किंचित जाड. एकच घ्यायची असेल तर माझं मत ३ मिलच्या बाजूनं आहे.

जुन्या सुटकेस प्लेअरमध्ये कार्ट्रिजला एक छोटा दांडा असतो. तो फिरवला की एका बाजूला एलपीची, दुसऱ्या बाजूला ७८ची सुई येते. तिथे नवीन काही घेण्याआधी ७८ची बाजू फिरवली आहे ना, आणि टोक शाबूत आहे ना, हे भिंगातून बघा. एक मात्र कधी करू नका: ७८ची सुई एलपीवर टेकवू नका. एलपीची खाच कायमची बिघडते.

सुई तबकडीवर किती वजनानं टेकते तेही पाहा. एलपीला दीड-दोन ग्रॅम पुरतात, लाखेला बहुतेक कार्ट्रिज तीन ते पाच ग्रॅम मागतात. एसपीसाठी ५ ग्रॅम सांगितलेले आहेत, २एम ७८ला १.८ ग्रॅम पुरतात. तेव्हा उत्पादकाचा आकडा आधी वाचा आणि टोनआर्मच्या, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या, आकडे लिहिलेल्या चकतीवर विसंबण्यापेक्षा सुईचं वजन मोजणारा छोटा डिजिटल काटा वापरा. वजन कमी ठेवलं तर तबकडी वाचेल, असं वाटतं खरं, पण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तेच जास्त घातक.

सुई टेकवण्याआधी तबकडी धुवा, नाहीतर कुठलंही माप नीट कळणार नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं, खाचेच्या दिशेनं गोल. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल अजिबात नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपीसाठी विकत मिळणाऱ्या द्रावणांत ते असतं, म्हणून बाटलीवरचं वाचा.

आता ऐकणं. ३ मिलनं अर्धा मिनिट वाजवा आणि संगणकावर रेकॉर्ड करून ठेवा. मग अडीच आणि साडेतीन मिलच्या सुया मिळवता आल्या तर तेच अर्धं मिनिट त्यांनी. हेडफोन लावून मागोमाग ऐका. तंबोऱ्याच्या सुरात खरखर किती, ते एक, आणि गळा टिपेला गेल्यावर आवाज फाटतो का, ते दुसरं. खरखर तळातून येत असेल तर जाड सुईनं कमी होते. काठावर तरंगणारी सुई टिपेला फाटते, तिथे बारीक घ्या. ढोबळ अंदाज असा: १९२५च्या आसपास विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं, त्याआधीच्या भोंग्यासमोर गायलेल्या तबकड्यांना तीन ते साडेतीन, कधी चार मिल. तीस-चाळीसच्या दशकातल्यांना पावणेतीन ते तीन. पन्नाशीच्या दशकातल्यांना अडीचच्या जवळ. पण हा अंदाजच. शेवटी कान सांगेल ते खरं.

स्टिरिओ कार्ट्रिज असेल तर दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो करा. ७८मध्ये संगीत आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतून नुसता गोंगाट येतो, आणि मोनो केल्यावर तो पुष्कळ गळतो. त्याआधी डावी वाहिनी एकटी ऐका, मग उजवी. कधीकधी एकच भिंत झिजलेली असते. दुसरी घ्या, आवाज लखलखीत.

याला एक अपवाद आहे. पाथे या फ्रेंच कंपनीच्या तबकड्यांसारख्या काही तबकड्यांत खाच उभी, वर-खाली कोरलेली असते. कोलकात्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशा तबकड्या काढल्या होत्या. त्या मोनो केल्या तर गाणंच नाहीसं होतं, आणि त्यांना कितीतरी जाड, गोळीसारखं टोक लागतं. अशी एखादी हाती आली तर साध्या ७८च्या सुईनं प्रयोग करू नका. जाणत्या संग्राहकाकडे न्या.

माझ्या हिराबाईंच्या तबकडीला शेवटी ३ मिलच लागली, उजव्या भिंतीवरून. मधल्या दहा-बारा फेऱ्यांत अजून थोडं फाटतं. तेवढ्यासाठी २.८ मिलची सुई मागवली आहे.