ॲपमधलं वेळापत्रक फोनच्या कॅलेंडरात: जोडायचं कसं आणि अडलं तर शोधायचं कुठं

पेठेतल्या तालमीची फुटबॉल टीम, रंकाळ्यावर सकाळी पळणारा ग्रुप, महिन्याला एक गड करणारी ट्रेकिंगची मंडळी. आता बहुतेकांचं सदस्यत्व, वर्गणी आणि वेळापत्रक एखाद्या ॲपवर असतं. त्या ॲपमध्ये ‘कॅलेंडर सबस्क्राइब करा’ असा पर्याय असतो. तो नीट जोडला तर सरावाची वेळ आपोआप फोनच्या कॅलेंडरात येते. पण बरेच जण सबस्क्राइब करायच्या ऐवजी फाइल उतरवून घेतात आणि गोंधळाची सुरुवात तिथंच होते.

फाइल उतरवून ‘इम्पोर्ट’ केली की त्या दिवशीचं वेळापत्रक एकदाच कॅलेंडरात चिकटतं. पुढं ॲपमध्ये वेळ बदलली तरी तुमच्याकडं जुनीच राहते. सबस्क्रिप्शनमध्ये कॅलेंडरकडं फक्त लिंक असते आणि ते ठरावीक वेळानं त्या लिंकवर जाऊन ताजा मजकूर घेऊन येतं. ओळखायची खूण सोपी आहे. एखादा कार्यक्रम तुम्हाला स्वतःला खोडता किंवा बदलता आला, तर ते इम्पोर्ट. सबस्क्रिप्शनमधले कार्यक्रम फक्त वाचता येतात. मुख्य कॅलेंडरात चुकून इम्पोर्ट झालं असेल तर एकेक कार्यक्रम खोडत बसावं लागतं, म्हणून इम्पोर्ट करायचंच असेल तर आधी वेगळं रिकामं कॅलेंडर बनवा. नको झालं की अख्खं उडवता येतं.

लिंक प्रत्येकानं आपल्या लॉगिनमधूनच घ्यायची. सेक्रेटरी स्वतःची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि पन्नास जण तीच जोडतात, हे सर्रास चालतं. बऱ्याच ॲपमध्ये ही लिंक व्यक्तिगत असते. शेवटी जी लांबलचक अक्षरं-आकड्यांची माळ दिसते तीच तिची किल्ली. मग सगळ्यांना सेक्रेटरींनी होकार दिलेले कार्यक्रम दिसतात, आपले नाहीत. शिवाय लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्डशिवाय सगळं वाचता येतं. अशी लिंक फिरली असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये ‘रीसेट लिंक’ असल्यास ते दाबा. जुनी लिंक बंद पडते आणि ज्याची त्यानं नवी जोडायची.

अँड्रॉइडवर

लिंकची सुरुवात ‘वेबकॅल’ अशी असेल तर अँड्रॉइडवर ती दाबून बहुतेक वेळा काहीच होत नाही. लिंक कॉपी करा आणि सुरुवातीचं ‘वेबकॅल’ काढून ‘एचटीटीपीएस’ लिहा, बाकीचं जसंच्या तसं ठेवा. गूगल कॅलेंडरच्या मोबाइल ॲपमध्ये लिंकवरून कॅलेंडर जोडायची सोयच नाही. त्यामुळं कॉम्प्युटरवर, नाहीतर फोनच्या ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ चालू करून गूगल कॅलेंडर उघडा. डावीकडं ‘इतर कॅलेंडर’च्या शेजारी अधिकचं चिन्ह आहे, त्यात ‘यूआरएल वरून’ निवडून लिंक चिकटवा. कॅलेंडर सार्वजनिक करण्याची चौकट दिसली तर ती रिकामीच ठेवायची. नंतर फोनच्या ॲपमध्ये सेटिंग उघडा, नवं कॅलेंडर शोधा (यादीत ‘आणखी दाखवा’ खाली दडलेलं असतं) आणि ‘सिंक’ चालू करा. कॉम्प्युटरवर दिसतं, फोनवर दिसत नाही, अशी तक्रार असेल तर दहात नऊ वेळा हाच खटका बंद असतो.

आयफोनवर

इथं वेबकॅलची लिंक सफारीत उघडली की सबस्क्राइब करू का असं फोन स्वतः विचारतो. नाही विचारलं तर कॅलेंडर ॲपमध्ये खाली ‘कॅलेंडर्स’, मग ‘ॲड कॅलेंडर’, त्यात सबस्क्रिप्शनचा पर्याय. ज्यांनी आधीच गूगलमध्ये जोडलंय आणि आयफोनमध्ये तेच जीमेल खातं आहे, त्यांना ते कॅलेंडर आपोआप दिसेलच असं नाही. गूगल कॅलेंडरचं ‘सिंक सिलेक्ट’ नावाचं वेगळं पान असतं. त्यावर खूण करून सेव्ह केलं की दिसतं. दोन्हीकडून जोडू नका, प्रत्येक सराव दोनदा दिसेल.

बदल उशिरा का येतात

गूगलच्या बाबतीत लिंकवर तुमचा फोन जात नाही, गूगलचा सर्व्हर जातो, तोही त्याच्या सवडीनं. बदल दिसायला १२ तास लागू शकतात, कधी त्याहून जास्त. फोनवर खाली ओढून रिफ्रेश केलं तरी गूगलकडं जे आहे तेवढंच येणार. आउटलुकही असंच निवांत. आयफोनवर जोडलेलं सबस्क्रिप्शन मात्र फोन ‘फेच’च्या सेटिंगप्रमाणं आणतो. तिथं ‘ऑटोमॅटिकली’ असेल तर पार्श्वभूमीत फक्त चार्जिंगला आणि वाय-फायवर असताना आणतो. दिवसभर मोबाइल डेटावर फिरणाऱ्यानं ‘अवरली’ निवडावं. लगेच हवं असेल तर कॅलेंडर ॲपमधली ‘कॅलेंडर्स’ची यादी खाली ओढा.

म्हणून आयत्या वेळच्या बदलासाठी सबस्क्रिप्शनवर भरवसा ठेवू नये. जुलैत कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की दुसऱ्या दिवशीचा सराव आदल्या संध्याकाळी रद्द होतो आणि गूगलमध्ये सकाळी ६ चा सराव तसाच दिसत राहतो. त्या दिवशी व्हॉट्सॲपच वापरा.

गूगलला घाईच करायची असेल तर जुनं सबस्क्रिप्शन काढून लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी फालतू, जसं ‘एक्स=१’, लावून परत जोडा. लिंकमध्ये आधीच प्रश्नचिन्ह असेल तर त्याऐवजी ‘अँड’चं चिन्ह. गूगलला ती नवी लिंक वाटते आणि तो लगेच मजकूर आणतो. क्वचित एखादं ॲप असली शेपटी लावलेली लिंक नाकारतं. तसं झालं तर मूळ लिंकच ठेवा.

वेळ साडेपाच तासांनी चुकते

भारतीय वेळ यूटीसीच्या (जगाच्या प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढं, त्यामुळं फरक बरोबर तेवढाच आला की दोष टाइमझोनचा. सकाळी ६ चा सराव साडेअकराला दिसत असेल तर ॲपनं स्थानिक वेळेलाच यूटीसीचा शिक्का मारलाय. लिंकवरून उतरणाऱ्या फाइलमध्ये (ती कशी बघायची ते खाली आहे) सुरुवातीच्या वेळेच्या, म्हणजे ‘डीटीस्टार्ट’च्या ओळीत ०६०००० च्या मागं झेड अक्षर असतं, त्याचा अर्थ यूटीसी. उलट रात्री साडेबाराला दिसत असेल तर यूटीसीत बदललेल्या वेळेचा झेड गळालाय. आधी ॲपमध्ये संस्थेचा टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ आहे का ते ॲडमिननं बघावं, मग आपल्या कॅलेंडरचा. दोन्ही बरोबर असून फरक राहिला तर ॲपवाल्यांना ती ओळच कॉपी करून पाठवा. नुसतं ‘वेळ चुकते’ कळवलं तर चार उलट प्रश्न येतात.

पूर्ण दिवसाच्या कार्यक्रमात एक दिवस गळतो, त्याचं कारण वेगळं. आयसीएसच्या, म्हणजे या कॅलेंडर फाइलच्या नियमात शेवटची तारीख धरत नाहीत. पन्हाळा ते पावनखिंड मोहीम १२ आणि १३ जुलैला असेल तर ‘डीटीएंड’ (शेवटाची ओळ) १४ जुलै लागतो. तिथं १३ लिहिलं तर कॅलेंडर फक्त १२ तारीख दाखवतं.

काहीच येत नसेल तर

लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा. फाइल उतरली तर ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघा. पहिली ओळ ‘बिगिन:व्हीकॅलेंडर’ हवी. त्याऐवजी लॉगिनचं पान आलं तर गूगललाही तेच मिळणार, कारण त्याच्याकडं तुमचा पासवर्ड नसतो. मजकूर आला पण ‘बिगिन:व्हीइव्हेंट’ (प्रत्येक कार्यक्रमाची पहिली ओळ) एकही नसेल तर लिंक चालू आहे, आत काही नाही. वर्गणी संपली आहे का, कार्यक्रमाला होकार द्यायचा राहिलाय का, हे ॲपमध्ये तपासा. इथं सगळं ठीक आणि गूगल ‘रोबोट्स.टीएक्सटी’चं नाव घेऊन नकार देत असेल तर ॲपच्या सर्व्हरनंच गूगलला अडवलंय. ते त्यांनीच सोडवायचं.

राहिली आठवण. ॲपनं लिंकवरच्या मजकुरात टाकलेली गजराची ओळ गूगल धरत नाही. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये त्या एका कॅलेंडरपुरती सूचना स्वतः लावा. सकाळी ६ ला मैदानात उभं राहायचं असेल तर १० मिनिटांची उपयोगाची नाही, ६० मिनिटांची ठेवा. आयफोनवर सबस्क्रिप्शनच्या तपशिलात ‘रिमूव्ह अलार्म्स’ चालू असेल तर ते बंद करा.