मदतकार्याच्या बातम्यांवर पीएचडी करायचीय? आधी एक एक्सेल शीट उघडा

पत्रकारितेचा कोर्स केला की ठाण्यातल्या पोरांना दोनच रस्ते दिसतात, चॅनल नाहीतर पीआर. तिसरापण आहे, मदतकार्य आणि विकासाच्या बातम्या कशा बनतात यावर संशोधन करून कॉलेजात शिकवायचं. पगार उशिरा चालू होतो, ते घरी आधीच सांगून टाका.

पहिलं काम, विषय बारीक करा. मी 'माध्यमे आणि आपत्ती' असं प्रपोजल घेऊन गेलेलो, मॅडम म्हणाल्या यात अख्खं विद्यापीठ बसेल. मग रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी घेतली, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली ती. दोन मराठी पेपरांचे जुने अंक काढले आणि एक्सेलमध्ये रकाने पाडले, तारीख, पान नंबर, फोटोत कोण, बातमीत आधी कोण बोलतं, मंत्री, एनडीआरएफ, संस्थावाले की वाडीतला माणूस. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा निघाला, त्या माणसाचं नाव छापलंय की नुसतं 'एक ग्रामस्थ'. हे भरता भरताच प्रश्न सापडला, वाचलेली लोकं तात्पुरत्या कंटेनरच्या घरांत राहायला गेली तेव्हा बातमी कुठे गेली?

थिअरी यानंतर वाचली तर डोक्यात शिरते. गाल्टुंग आणि रूगे यांचा १९६५ चा पेपर वाचाच, कुठली घटना बातमी होते यावर आहे. अमर्त्य सेन यांचं दुष्काळ आणि मोकळी वृत्तपत्रं यावरचं म्हणणं, मग १९८४ च्या इथिओपियाच्या दुष्काळाचं बीबीसी कव्हरेज, ज्यातून पुढच्या वर्षी लाइव्ह एड ही मदतनिधीसाठीची मोठी कॉन्सर्ट झाली. आणि कोणी आधीच तुमचा विषय केलाय का ते शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या साइटवर, बघून घ्या, फुकट आहे.

नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची परीक्षा, देऊनच टाका, जून २०२४ पासून तिचे मार्क पीएचडी प्रवेशालापण धरतात. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप लागली तर सुरुवातीला महिना ३७,००० असतात, ठाण्यात भाड्याने राहून जेमतेम. मुंबई विद्यापीठात पत्रकारिता विभाग आहे, देवनारच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) मीडिया आणि आपत्ती दोन्हीचं शिक्षण. वाशीवाल्यांची मजा, टिसला जायला हार्बरने थेट गोवंडी, आम्हा ठाणेकरांना कुर्ल्याला गाडी बदला.

फिल्डला जाताना बिस्किटाचे पुडे, चादरी असलं काही नेऊ नका. मन मानत नाही, माहितीय. पण एकदा वाटलंत की लोकं तुम्हाला संस्थावालेच समजतात, मग मदत नीट मिळाली का विचारलं तर सगळे 'हो मिळाली' म्हणतात.