प्राथमिक वर्गात चित्रफीत दाखवताना ती कोठे थांबवावी

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक प्राथमिक शाळांमध्ये आता टीव्ही संच, प्रोजेक्टर किंवा स्मार्ट बोर्ड आला आहे, आणि जेथे यांपैकी काहीच नाही तेथेही शिक्षकांच्या खिशात मोबाइल असतोच. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने स्कॅन केला की पाठाशी संबंधित साहित्य उघडते. मात्र ते सुरू करून देऊन शिक्षक वह्या तपासायला बसले, तर मुले शांत राहतात, चित्रे पाहतात आणि पाठ जेथल्या तेथे राहतो. चित्रफितीचा वर्गातला सर्वांत मोठा गुण म्हणजे ती हवी तेथे थांबवता येते, आणि तासाची तयारी करताना हाच गुण डोळ्यांसमोर ठेवावा.

आदल्या दिवशी चित्रफीत स्वतः पूर्ण पाहावी आणि टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, थांबण्याच्या दोन किंवा तीन जागा मिनिट-सेकंदासह लिहून ठेवाव्यात. प्रत्येक जागेपुढे एकच प्रश्न लिहावा, आणि त्याचे उत्तर पडद्याकडे नीट पाहिल्याशिवाय देता येऊ नये. ‘समजले का?’ हा प्रश्न येथे निरुपयोगी आहे, कारण त्याला तिसरीचा अख्खा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. तीन-चार मिनिटांची फीत पहिली ते चौथीसाठी पुरते. बारा मिनिटांच्या फितीतील उपयोगाचा तेवढाच भाग दाखवून बाकीचा खुशाल सोडून द्यावा.

परिसर अभ्यासातील पक्ष्यांच्या पाठासाठी आपल्या खाडीतील रोहित पक्ष्याचे, म्हणजेच फ्लेमिंगोचे, उदाहरण घेऊ. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोली किंवा वाशीच्या पुलावरून जाताना गुलाबी थवा पाहिलेली मुले वर्गात हमखास असतात. त्यांना आधी बोलू द्यावे. मग फीत आवाज बंद ठेवून सुरू करावी आणि पक्ष्याने मान खाली घालून चोच पाण्यात बुडवली की लगेच थांबवावी. ‘आता त्याच्या चोचीचा कोणता भाग वर आहे आणि कोणता खाली?’ असे विचारावे. बहुतेक मुले नेहमीच्या पक्ष्यासारखे उत्तर देतील. तोच तुकडा पाव वेगाने पुन्हा दाखवला की डोके उलटे झाले आहे आणि वरची चोच खाली गेली आहे, हे मुले स्वतःच ओरडून सांगतात. त्यानंतरच शिक्षकांनी सांगावे की जीभ मागेपुढे करून हा पक्षी पाणी चोचीत ओढतो आणि बाहेर टाकतो, आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांमध्ये शेवाळ व सूक्ष्म जीव चाळणीत अडकावेत तसे अडकतात. दुसरा थांबा करड्या पक्ष्यावर घ्यावा: हा वेगळा पक्षी आहे की रोहितच? पिल्ले करडी असतात आणि अन्नातील रंगद्रव्यांमुळे पुढे पिसे गुलाबी होत जातात, हे उत्तर मुलांनी थोडा वाद घातल्यावर द्यावे. मुलांनी वहीत उलट्या डोक्याचे चित्र काढले की मग संपूर्ण फीत आवाजासह एकदा दाखवावी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात सहल नेणार असाल, तर हा तास सहलीच्या आधी घ्यावा, कारण बोटीतून थवा दिसला तरी चोचीची रचना दिसत नाही.

पडद्यावरील मजकुराबाबत विशेष सावध राहावे लागते. चित्राखाली चार ओळी लिहायच्या आणि त्याच ओळी मोठ्याने वाचायच्या, ही सवय आपल्याकडे फार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून असे दिसले, की चित्रासोबत केवळ बोललेले शब्द असताना विषय अधिक चांगला समजतो, आणि तेच शब्द लिखित रूपातही दाखवले की लक्ष विभागले जाते. वाचन हेच तासाचे उद्दिष्ट असेल तेव्हा मात्र गोष्ट उलट होते. पाठ असलेल्या कवितेच्या ओळी गाण्याबरोबर पडद्यावर सरकत गेल्या, तर दुसरीतील मुलांना अक्षर आणि उच्चार यांची जोडी जमवायला मदत होते.

भाषेच्या तासाला पडद्यापेक्षा ध्वनिमुद्रण अधिक कामाला येते, असे माझे मत आहे. आपल्या वर्गांत आगरी, कोळी, हिंदी आणि भोजपुरी बोलणारी मुले एका बाकावर बसतात, आणि त्यांपैकी अनेकांना ‘ल’ आणि ‘ळ’ किंवा ‘न’ आणि ‘ण’ वेगळे ऐकू येत नाहीत. वेल-वेळ, माल-माळ, मन-मण अशा जोड्या मोबाइलवर मुद्रित कराव्यात, एका वेळी एकच शब्द ऐकवावा आणि ऐकलेल्या शब्दाचे चित्रकार्ड मुलाला उचलायला सांगावे. घरच्या बोलीला चूक म्हणू नये. एखाद्या आजीने आगरीत सांगितलेली गोष्ट मुद्रित करून आणली, तर तीही तितक्याच आदराने वर्गात ऐकवावी.

स्वतः तयार केलेले साहित्य साधे असले तरी चालते. ओल्या कापडावरील मुगाचे रोज एकाच वेळी, मोबाइल त्याच खुणेवर ठेवून आणि शेजारी पट्टी ठेवून एक छायाचित्र घ्यावे. आठवड्याने ती छायाचित्रे ओळीने दाखवली की मोड कोणत्या दिवशी सर्वाधिक वाढला हे मुले पट्टीवरून वाचून सांगतात, आणि विज्ञानाबरोबर मोजमापाचाही सराव होतो. तयार चित्रे घेताना ती पारखून घ्यावीत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीची म्हणून इंटरनेटवर फिरणारी सगळीच चित्रे त्या दिवसाची नसतात.

वर्गातील सोयीच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण तास बहुधा त्यांच्यामुळेच फसतो. टीव्ही खिडकीसमोर ठेवू नये, कारण काचेत मैदान दिसते आणि चित्र दिसत नाही. शेवटच्या बाकावर बसून अक्षरे वाचता येतात का, हे आधी पाहावे. फीत शाळेत येण्यापूर्वीच डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घ्यावी. मोबाइल पडद्याला जोडताना तो एअरप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवरील पाण्याच्या टँकरची चर्चा अख्खा वर्ग वाचतो. जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळत असताना स्पीकरचा आवाज वाढवण्यात अर्थ नसतो. अशा दिवशी मूक फीत लावून वर्णन मुलांकडूनच करून घ्यावे. वीज गेली, तर थांब्यांवरचे प्रश्न टाचणवहीत असतातच, आणि फळ्यावर चित्र काढून तास पुढे नेता येतो.

मुलांचे आवाज किंवा छायाचित्रे घेणार असाल, तर पालकांची लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावी. मुद्रणे पालकांच्या ग्रुपवर टाकू नयेत. ती शाळेच्या संगणकावर इयत्तेनुसार ठेवावीत आणि वर्ष संपल्यावर पुसून टाकावीत.