नेरुळच्या खोलीत बसून पहिल्या दीर्घिकांमधले तारे कसे वाचायचे

गच्चीवर जाऊन काही उपयोग नाही. पाम बीच रोडच्या दिव्यांनी आणि खाडीवरच्या दमट हवेने उरलंसुरलं आकाश खाल्लं आहेच, पण येऊरच्या जंगलात गेलात तरी ताऱ्यांचा खरा अतिनील प्रकाश ओझोनच्या थराखाली पोहोचत नाही. लॅपटॉप उघडा. जेम्स वेब दुर्बिणीच्या 'जेड्स' सर्वेक्षणाची छायाचित्रं आणि तेजांच्या याद्या सगळ्यांना मोफत खुल्या आहेत. माझ्या क्लासच्या बारावीच्या मुलांना मी 'जेड्स-जीएस-झेड१४-०' हीच दीर्घिका देतो, कारण तिचं अंतर पडताळून झालेलं आहे.

आधी अतिनील प्रकाश कुठे जाऊन पडला ते काढा. विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे तरंगलांबी ताणली जाते; मूळ लांबीला (१ + रेडशिफ्ट) ने गुणायचं, बस्स. रेडशिफ्ट म्हणजे ही ताण किती झाली याचा आकडा; जितका मोठा, तितकी दीर्घिका दूर. हिची रेडशिफ्ट १४.१८. हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा ०.१२१६ मायक्रॉनची, तिला १५.१८ ने गुणलं की १.८५ मायक्रॉन. म्हणजे निघाला अतिनील, पोहोचला अवरक्त.

आता फिल्टर एकेक करून बघा. १.१५ आणि १.५ मायक्रॉनला त्या जागी काही नाही. २ मायक्रॉनला ठिपका उगवतो, २.७७ ला ठसठशीत होतो. १.८५ च्या अलीकडचा सगळा प्रकाश वाटेतल्या उदासीन हायड्रोजनने गिळला. या कड्यावरूनच दीर्घिका सापडते.

ठिपक्याचं तेज काय सांगतं? अतिनील प्रकाश मुख्यतः अतिशय तप्त, भल्यामोठ्या ताऱ्यांचा, आणि ते लवकर संपतात, सगळ्यांत मोठे तर काही दशलक्ष वर्षांत. भुईनळा दिसला की समजायचं, आत्ताच कुणीतरी पेटवलाय. म्हणून अतिनील तेज म्हणजे अलीकडच्या तारानिर्मितीचा वेग. सूर्यासारख्या ताऱ्यांचे जुने संसार यात जवळपास दिसतच नाहीत. ही मर्यादा मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो, कारण मुलं तेजावरून लगेच 'एकूण तारे किती' सांगायला निघतात.

खरी मजा उतारात आहे, म्हणजे तरंगलांबी वाढते तसं तेज किती झपाट्याने बदलतं त्यात; तिथे घाई करू नका. यादीतून २.७७ आणि ३.५६ मायक्रॉनची तेजं घ्या, नॅनोजान्स्कीत. नॅनोजान्स्की हे वारंवारतेनुसार मोजलेल्या तेजाचं एकक; उतार तरंगलांबीनुसार काढतात, म्हणून उणे २ येतो. दोन्ही सारखी असतील तर उतार उणे २. समजा एक ५० आणि दुसरं ४५ आलं. गुणोत्तराचा लॉग ०.०४६, तरंगलांब्यांच्या गुणोत्तराचा लॉग उणे ०.१०९, भागाकार उणे ०.४२, त्यात उणे २ मिळवा: उणे २.४. उणे जितका मोठा तितके तारे निळे, तरुण, धूळ कमी. शून्याकडे सरकला तर धूळ वाढलेली, नाहीतर तारे वयस्क. यातलं नेमकं कुठलं, हे नुसत्या उतारावरून ठरत नाही. दरवर्षी कुणीतरी "सर, मग धूळ की म्हातारपण?" विचारतंच. त्यासाठी लांब तरंगलांबीचा प्रकाश लागतो. वेबच्या मिरी उपकरणाने हीच दीर्घिका ७.७ मायक्रॉनलाही टिपली आहे.

दीर्घिका पसरट आहे, सुमारे १६०० प्रकाशवर्षं. म्हणून हा उजेड बहुतांशी ताऱ्यांचाच, एका ठिपक्याएवढ्या कृष्णविवराचा नाही.

एक सावधगिरी. कडा दिसला म्हणजे अंतर ठरलं, असं धरू नका. धुळकट, जवळची दीर्घिकाही तसाच कडा दाखवू शकते. 'सीअर्स-९३३१६' या दीर्घिकेची रेडशिफ्ट आधी सुमारे १६ वाटली होती. २०२३ मध्ये वर्णपट हाती आला तेव्हा ती ४.९ निघाली. तेव्हा फिल्टरवरून काढलेल्या प्रत्येक आकड्यापुढे वहीत 'अंदाज' लिहा, आणि वर्णपट मिळाल्यावरच तो शब्द खोडा.